चोरलेली ओहोटी

बंदारिनी गावात आजही शपथेवर सांगणारे लोक भेटतात, की किचांगानीच्या चाउसिकूने उधाणाची एक अख्खी ओहोटी चोरली. कुणी म्हणतं, तिने ती मडक्यात भरली आणि तोंडाला काळं फडकं बांधलं. कुणी म्हणतं, त्यासाठी पेम्बा बेटावरून मांत्रिक आणला होता. बंदारिनीचे म्झे, म्हणजे वडीलधारे पुढारी, शेकुवे तर छातीवर हात ठेवून सांगतात, की त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी समुद्राकडे पाहिलं आणि समुद्र भरलेला होता.

म्झेंचं म्हणणं खरं आहे. त्यांनी पाहिलं तेव्हा समुद्र भरलेलाच होता. पण त्यांनी पाहिलं फार उशिरा. ओहोटी बिचारी वेळेवर आली होती, खडक उघडा टाकून बराच वेळ ताटकळली होती आणि कुणीच येत नाही म्हटल्यावर परत गेली होती. मडकं वगैरे काही नव्हतं. पेम्ब्याच्या मांत्रिकाची दक्षिणा तर चाउसिकूला सात जन्मांत झेपली नसती. तिने चेटूक केलं एवढं मात्र खरं. फक्त ते चेटूक सरकारी होतं.

चाउसिकू ही किचांगानीची सार्वजनिक आत्या. कुणाची सख्खी, कुणाची चुलत, बाकीच्यांची नुसती तोंडाने. उंच, काटकुळी, कमरेला कांग्याचं रंगीत कापड खोचलेलं आणि हातात लोखंडी टोकाची काठी. उधाणाच्या ओहोटीला खडक उघडा पडला की घोटाभर पाण्यातून तिकडे जायचं, बिळात काठी घालायची आणि ऑक्टोपस ओढून काढायचा, हा तिचा धंदा. जीभ काठीपेक्षा टोकदार. आपल्याला सगळं कळतं याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नाही, आणि त्यातलं निम्मं चुकीचं असतं याबद्दल आमच्या मनात. खडकाबाहेर शास्त्रज्ञ मंडळींनी तरंगणारी पिवळी बोया सोडली, ती पाण्याची ऊब मोजायला. चाउसिकूचं ठाम मत, की तो पिवळा कान देऊन ऐकतो आणि ऐकलेलं राजधानीत जाऊन सांगतो. त्यामुळे अख्ख्या गावाला शिव्या घालणारी ही बाई बोया जवळ आली की कुजबुजायला लागायची. "हळू गं," ती बायांना दटावायची, "पिवळा ऐकतोय." किचांगानीच्या इतिहासात तिचा आवाज खाली आणणारा तो एकटाच.

खरं तर पिवळा ऐकत नव्हता, आणि त्याचंही कुणी ऐकत नव्हतं. पाणी तापलं की बोया ते आकाशातल्या यंत्राला कळवायची, यंत्र ते कुठल्यातरी थंड देशात कळवायचं, तिथून ते राजधानीत यायचं, राजधानीतून जिल्ह्याला, आणि खडकावरचं प्रवाळ पांढरं पडून, मरून, त्यावर शेवाळ चढल्यावर आमच्याकडे एक रंगीत नकाशा यायचा: सावधान, पाणी तापण्याची शक्यता आहे. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आणि घोडाही तीन मालकांचा. बोयावाल्यांची माणसं वेगळी, मासेमारी खात्याची वेगळी, सागरी उद्यानाच्या बोटीवरची वेगळी. तिघेही तेच ऑक्टोपस मोजून जायचे, एकमेकांना न सांगता. मग वरती कुणीतरी तिन्ही आकडे जोडले आणि एका वर्षी आमच्या खडकाला सर्वात समृद्ध खडक म्हणून शाबासकी आली. त्या वर्षी आमच्या घरांत नुसत्या खोबऱ्याच्या रसातल्या शेंगदाण्यांवर दिवस निघाले होते.

या तिघांचं एकमेकांशी बोलणं व्हावं म्हणून चौथा नेमला. तो ब्वाना त्सुमा, म्हणजे त्सुमासाहेब, समन्वयक.

ब्वाना त्सुमा डोंगराकडचे. पाण्याला घाबरायचे. खाडी ओलांडताना होडीच्या दोन्ही कडा धरून डोळे मिटून घ्यायचे. पण जमिनीवर पाय टेकले की त्यांना थांबवणारं कुणी जन्मलं नव्हतं. मोठा शब्द यायचा असला की आधी थांबायचे, एक घोट गिळायचे, मग तो शब्द नारळासारखा आपटायचे. "या खडकाचं भवितव्य, सर्व भागधारकांच्या," घोट, "एकात्मिक, मी पुन्हा सांगतो, एकात्मिक सहभागातूनच घडणार आहे." आम्ही पोरं गावाच्या दर कोपऱ्यावर त्यांची नक्कल करायचो. घोट गिळायची जागा चुकली तर नक्कल बाद. इतकं त्यांचं भाषण आम्हाला पाठ होतं, आणि पाठ असूनही त्याचा अर्थ आमच्यापैकी एकालाही लागला नव्हता.

पण एक गोष्ट त्यांच्या तोंडून कामाची निघाली, चुकून असेल. ते म्हणाले, काही महिने खडक बंद ठेवा. ऑक्टोपस झपाट्याने वाढतो. लहान काढण्यापेक्षा मोठा काढा. खडक दोन गावांचा, किचांगानीचा आणि खाडीपलीकडच्या बंदारिनीचा, तेव्हा दोघांनीही बंद ठेवा आणि एकाच दिवशी उघडा.

आमच्या भाषेत बंद करणं आणि रोजा धरणं याला शब्द एकच आहे. त्यामुळे गावात बातमी झाली, की समुद्र रोजा धरणार.

चाउसिकूची जाऊ रुकिया. दोघींची भिंत एक, चुली दोन आणि भांडण अखंड. बैठकीत रुकिया आधी उठली. "समुद्र रोजा धरेल, आणि माझी पोरं काय खातील? या ब्वानाचा नकाशा?"

बाया हसल्या. चाउसिकूचं तोवर काही मत नव्हतं. पण रुकिया नको म्हणते म्हटल्यावर तिचं मत तयार झालं.

"धरायचाच रोजा," ती म्हणाली. "हल्ली बिळातून निघतात ते ऑक्टोपस की झुरळं? परवा मी एक काढला, तर तोच माझ्याकडे बघून लाजला. वाढू दे की मेल्यांना."

"आणि उघडल्यावर खडक रिकामा निघाला तर?"

"तर माझी काठी तुझी. परत खडकावर पाय ठेवणार नाही. तुझ्या ओसरीवर बसून माडाच्या झावळ्या विणेन."

"गप्प बसून विणशील?"

बायांनी टाळ्या पिटल्या. काठी दिली असती तर चाउसिकूचं पोट गेलं असतं, पण तोंड म्हणजे तिचं सर्वस्व. तिने काठी जमिनीवर आपटली.

"गप्प बसून," ती म्हणाली.

ते महिने तिने कसे काढले ते तिलाच माहीत. ज्याच्या घरी ऑक्टोपसवाचून कालवण अळणी झालं तो तिच्या दारावरून जाताना खाकरायचा. रुकिया रोज सकाळी ओसरी झाडताना एक कोपरा जास्त चकचकीत करायची आणि विचारायची, "इथे बसशील, की वारा लागेल?" चाउसिकू हसण्यावारी न्यायची. पण ओहोटीला ती किनाऱ्यावर उभी राहून खडकाकडे बघत बसायची, आणि स्वतःचा सख्खा भाचा काठी घेऊन तिकडे वळला तेव्हा तिने त्याला दगड मारत घरापर्यंत आणला होता.

फर्मानात त्सुमांनी लिहिलं होतं: ईदपासून तिसऱ्या दिवशी खडक उघडेल. रोजाच आहे, तर ईदला सुटावा, ही त्यांची कल्पना. कल्पनेवर ते स्वतःच इतके खूश होते, की तीन खात्यांच्या सह्या, दोन नकाशे आणि एक ध्वजारोहण सगळं जमवलं. ईद कुणाची, एवढं विचारायचं राहिलं. आम्हीही विचारलं नाही. किचांगानीला ईद म्हणजे आपली ईद, बंदारिनीला ईद म्हणजे त्यांची. दुसरी ईद असते हे दोन्ही गावांना माहीत आहे, पण ती खोटी असते हेही माहीत आहे.

बंदारिनीचा चंद्र रेडिओवर दिसतो. दूर वाळवंटात कुणी पाहिला, की यांची बोकडं कापली. आमचे इमाम मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानत नाहीत, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्या वर्षी वर ढगही होते. तेव्हा बंदारिनीत ईद आणि आमच्यात रोजा, हे ठरल्यासारखंच झालं. दिवसभर खाडीवरून त्यांच्या मटणाचा वास येत राहिला.

संध्याकाळी चाउसिकू रोजा सोडण्यासाठीचं कालवण ढवळत होती. पलीकडच्या काठावरून बंदारिनीची एक बाई नव्या कांग्यात मिरवत ओरडली, "ईद मुबारक गं उपाशांनो! परवा खडकावर भेटू!"

"परवा कसं? तेरवा," चाउसिकू ओरडली.

"तुमचं तेरवा. आमचं परवा!"

डाव हातातच राहिला. चाउसिकूला एकदम सगळं दिसलं. हे परवा खडक धुऊन नेणार. आपण तेरवा जाऊन रिकाम्या बिळांत काठ्या घालणार. पुढच्या वर्षी रोज्याचं नाव काढलं तर बाया झाडूने मारतील. आणि झावळ्या. आणि गप्प.

कालवण रुकियाच्या भरवशावर टाकून ती होडीत बसली. रुकियाच्या भरवशावर तिने आयुष्यात टाकलेली ही पहिली गोष्ट.

म्झे शेकुवे अंगणात चटईवर बसून हाडूक चोखत होते. हे म्हणजे नाकाने कांदे सोलणारं प्रकरण. तरुणपणी एकदा हजला जाऊन आले, तेव्हापासून चंद्राशी त्यांची घरोब्याची ओळख असल्यासारखे बोलतात.

"ये, ये, चाउसिकू. घे थोडं. अरेच्चा, तुमचा रोजा, नाही का!"

"म्झे, सलाम. खडक कधी उघडायचा?"

"कागदावर काय लिहिलंय? ईदपासून तिसरा दिवस. ईद झाली. ही बघ." त्यांनी हाडूक वर करून दाखवलं.

"ही तुमची ईद."

"ईद देवाची असते, बाई. तुमच्या इमामाला दिसत नाही म्हणून चंद्र उगवायचा थांबतो का?"

"एक दिवस थांबा. दोघं मिळून जाऊ. ठरलं होतं तसं."

"आम्ही ठरल्याप्रमाणेच जातोय. तुमचं गाव सावकाश चालतं, याला बंदारिनी काय करणार?" आणि म्झेंनी दुसरं हाडूक उचललं.

तिने तिथूनच, शेकुव्यांच्या कुंपणाबाहेर उभं राहून, ब्वाना त्सुमांना फोन लावला. फोनमध्ये आधी घोट ऐकू आला.

"चाउसिकूबाई, तुम्ही अत्यंत महत्त्वाचा मुद्दा मांडलात. दोन ईदींमधल्या," घोट, "विसंगतीचा. कार्यालय याकडे गांभीर्याने पाहील. एक उपसमिती नेमून—"

"ब्वाना, परवा सकाळी खडक लुटला जातोय."

"उपसमितीची पहिली बैठक पुढच्या महिन्यात घेता येईल. दरम्यान सर्व भागधारकांनी संयम आणि एकात्मिक—"

चाउसिकूच्या तोंडावर शिवी आली होती. अशी, की बोयाने ऐकली असती तर बुडाली असती. पण त्सुमा बोलत राहिले. फोन तिने कानापासून लांब धरला, तरी बोलत राहिले. म्झेंच्या अंगणातलं एक बोकड उठून लांब जाऊन बसलं, तरी बोलत राहिले. आणि बोकडाकडे बघता बघता चाउसिकूची शिवी विरघळली.

"ब्वाना," ती मधाळ आवाजात म्हणाली. तिच्या घशात असा आवाज आहे हे आम्हाला नंतर तिच्याच तोंडून कळलं. "हे सगळं तुम्ही बंदारिनीला येऊन का नाही सांगत? लोक फार उत्सुक आहेत. पूर्ण ऐकायचंय म्हणतात. नकाशांसकट."

इतक्या वर्षांत त्या माणसाला कुणी भाषण कर म्हणून विनवलं नव्हतं.

"पूर्ण?" त्सुमांचा आवाज जरा ओला झाला.

"परवा सकाळी. आणि पिलाऊ ठेवा ब्वाना, बोकडाचा. म्झे शेकुव्यांना बाजूला खुर्चीवर बसवा, हात असलेल्या. ते तुमचे फार चाहते आहेत."

ठरलं. बैठकीसाठी आलेला निधी वर्ष संपायच्या आत संपवायचाच होता. आणि बंदारिनी पिलाऊला नाही म्हणेल, असा दिवस कुठल्याही चंद्राने अजून दाखवलेला नाही. म्झेंनी हिशेब केला: सकाळी लवकर जरा ऐकू, खाऊ, ओहोटी पूर्ण लागली की खडकावर. बायांनी टोपल्या आणि काठ्या बरोबर घेऊनच यायचं.

त्या सकाळी चाउसिकूबरोबर होडीत आम्हीही होतो. पिलाऊ होता ना.

"आत्या, जमायचं नाही," आम्ही म्हणालो. "भाषण आम्हाला पाठ आहे. लांब आहे, पण भाताचं झाकण उघडलं की थांबेल. कुणीही थांबतं."

"तो नाही थांबणार."

"बोकडाच्या वासाला?"

"भात निवेल. माणूस नाही निवणार. लावता पैज?"

लावली. आम्ही जिंकलो तर तिच्या पहिल्या टोपलीतला सर्वात मोठा ऑक्टोपस आमचा. ती जिंकली तर तिचे सगळे ऑक्टोपस आम्ही बडवायचे. ज्याने कधी बडवला नाही त्याला सांगून उपयोग नाही. दगडावर इतकं आपटावं लागतं, की ऑक्टोपस मऊ होतो आणि माणूस मरतो.

बंदारिनीच्या बदामाखाली सगळं गाव जमलं होतं. वाऱ्याच्या बाजूला मोठ्ठं पातेलं. प्रत्येकाला एक एक पांढरी टोपी मिळाली, वर लिहिलं होतं 'आपला समुद्र, आपला समन्वय'. म्झे शेकुवे हाताच्या खुर्चीत बसले, आणि बसताक्षणी त्यांचं तोंड टपाल तिकिटावरच्या माणसासारखं झालं. त्सुमा उभे राहिले. घोट गिळला. समुद्राच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली.

आमच्या मागे पाणी उतरत होतं. आधी खडकाचं नाक दिसलं, मग पाठ, मग सगळं काळं अंग. चाउसिकू तिकडे बघत नव्हती. ती बंदारिनीच्या बायांच्या पायांकडे बघत होती. टोपल्या मांडीवर, काठ्या बाजूला. जायचं सगळ्यांनाच होतं. पण ही उठेल तर हिच्या वाट्याची बोटी ती खाईल, ती उठेल तर तिच्या वाट्याची ही. तेव्हा दोघी बसल्या, आणि त्यांना बघून बाकीच्या बसल्या. एवढ्या भक्कम एकीने बंदारिनीने आजवर कधी काही केलं नव्हतं.

शेवटी पाणी पार हटलं. तीन बाया उठल्याच. पदर खोचले, काठ्या उचलल्या. रुकियाची झाडलेली ओसरी चाउसिकूच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तेवढ्यात आचाऱ्यालाही वाटलं आता पुरे, आणि त्याने झाकण काढलं. वास सुटला. सगळ्या माना तिकडे वळल्या. उठलेल्या तिघी उभ्याच राहिल्या. आम्ही एकमेकांना कोपर मारलं: थांबला, थांबला.

त्सुमा थांबले होते खरे. पातेल्याकडे पाहत होते.

चाउसिकू ताडकन उठली. "ब्वाना, त्या नकाशावरची हिरवी रेघ कसली?"

त्सुमांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जसं नव्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर पसरतं. "फार सुंदर प्रश्न," ते म्हणाले. "ठेवा ते झाकण. भोजन प्रश्नोत्तरांनंतर. आता फक्त शेवटचे सात मुद्दे."

झाकण बसलं. तिघी खाली बसल्या. आता एवढं सोसलंय तर बोटीचा तुकडा घेऊनच जाऊ, हा हिशेब त्यांच्या बसण्यातून दिसत होता. हिरव्या रेघेनंतर चाउसिकूने लाल रेघ विचारली. मग ठिपके. मग नकाशाच्या कोपऱ्यातला बाण, तो उत्तर दिशेचा होता, आणि त्यावरही त्सुमांना बरंच म्हणायचं होतं. त्या सकाळी बंदारिनीने बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी इतकी खाल्ली, की पुढे वर्षभर कुणी उत्तर दिशेचं नाव काढलं नाही.

पातेलं उघडलं तेव्हा भात गार होता. म्झे शेकुवे पहिला घास घेता घेता सहज वळले. खडक नव्हता. जिथे खडक होता तिथे निळंशार, गुबगुबीत पाणी, आणि मध्ये पिवळी बोया डुलत होती.

"ओहोटी?" म्झे म्हणाले. "ओहोटी कुठे गेली?"

"घ्या ना, म्झे," चाउसिकू म्हणाली. "आज आमचाही रोजा नाही."

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं एकाच वेळी पाण्यात उतरली, कारण बंदारिनीला आता वेगळा दिवसच उरला नव्हता. बिळाबिळातून हाताएवढे ऑक्टोपस निघाले. सर्वात मोठा रुकियाला मिळाला, आणि ती अजून सांगते की समुद्राच्या रोज्याची कल्पना मूळची तिची. काठी चाउसिकूकडेच राहिली, तोंडही. ब्वाना त्सुमांच्या वरिष्ठांनी ती सभा आदर्श समन्वयाचा नमुना म्हणून नोंदवली, आणि उपसमितीने वर्षभर खपून फर्मानात एका शब्दाची भर घातली: 'शेवटच्या' ईदपासून. एवढ्या मोठ्या यंत्रणेतून एवढा एकच शब्द समुद्रापर्यंत पोचला. पण तो बरोबर होता, हे कबूल करावं लागतं, दात खाऊन का होईना.

आणि आम्ही, खडक उघडला त्या दुपारी, किनाऱ्यावरच्या सपाट दगडापाशी गुडघ्यांवर बसून बडवत होतो. हात खांद्यातून निसटायला आले होते. चाउसिकू आत्या पालथ्या टोपलीवर, 'आपला समुद्र, आपला समन्वय' अशी पांढरी टोपी घालून बसली होती. तिने पाय लांब केले, आभाळाकडे पाहिलं आणि घोट गिळला. बरोबर जागी गिळला.

"सर्व भागधारकांनी," ती म्हणाली, "एकात्मिक, मी पुन्हा सांगते, एकात्मिक हात जरा जोरात चालवावा."

आमच्यापैकी कुणाचीही नक्कल इतकी साधली नव्हती. आम्ही हसत हसत बडवलं, टोपली संपली, आणि आम्ही दगडावरच आडवे झालो.

आत्याने मागे हात घालून दुसरी टोपली पुढे ओढली.

"आता," ती म्हणाली, "फक्त शेवटचे सात मुद्दे."